सर्जनशील मनुष्यबळ आणि प्रादेशिक असमतोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारागीर, नाटकवाले, कलाशाखेचे विद्यार्थी आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले यांच्याकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे सलग वाचायलाच हवीत असे नाही. एक विषय दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणे मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत. एका राज्यात एवढा फरक दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो.

१. सर्जनशील मनुष्यबळ म्हणजे नेमके कोण? चित्रकार आणि गायक एवढेच का?

पेणला किंवा शेजारच्या हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात थोडा वेळ थांबा. एक जण माती मळतो, दुसरा साच्यात भरतो, तिसरा सांधे बुजवून मूर्ती घासतो, चौथा अंगाचा रंग मारतो आणि सगळ्यात शेवटी आखणी करणारा बसतो. डोळे, भुवया, गंध हे त्याचे काम. यांतला सर्जनशील कोण? ‘फक्त आखणीवाला’ असे म्हटले तर कारखाना चालत नाही, आणि ‘सगळेच’ असे म्हटले तर शब्दाला काही अर्थ उरत नाही.

अभ्यासक तीन गट करतात. पहिला, कलेच्या धंद्यात कलेचेच काम करणारे : आखणीवाला, नट, विणकर, पटकथालेखक. दुसरा, कलेच्या धंद्यात बाकीचे काम करणारे : माती मळणारा, लाइटवाला, नाटक कंपनीचा हिशेबनीस. तिसरा, भलत्याच धंद्यात बसून कलेचे काम करणारे : औषध कंपनीतला ग्राफिक डिझायनर, मोटार कारखान्यात गाडीचा आकार ठरवणारा. पहिला आणि दुसरा गट मिळून सर्जनशील उद्योग, पहिला आणि तिसरा मिळून सर्जनशील मनुष्यबळ. वर्तमानपत्रात हे दोन आकडे सर्रास एकमेकांच्या जागी छापले जातात, म्हणून आकडा दिसला की आधी तो कशाचा आहे ते पाहा.

तिसरा गट जवळजवळ पूर्णपणे मोठ्या शहरांत असतो, कारण औषध कंपनीचे मुख्य कार्यालय वाशीमला नसते. प्रादेशिक फरकाचा मोठा भाग इथेच तयार होतो आणि कलेवरच्या चर्चेत तो कधी येत नाही.

२. याचा आर्थिक विकासाशी संबंध आहे असे पहिल्यांदा कोण म्हणाले?

कलेतून पैसा येतो हे पेशव्यांनाही ठाऊक होते. पण ‘ज्या शहरात सर्जनशील माणसे राहायला येतात ते शहर पुढे जाते’ हा विचार गाजवला तो अमेरिकेतल्या रिचर्ड फ्लोरिडा यांनी, २००२ साली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : तंत्रज्ञान, गुणवत्ता आणि वेगळ्या माणसांना सामावून घेणारे वातावरण या तीन गोष्टी एकत्र आल्या की कंपन्या मागोमाग येतात. शास्त्रज्ञ, अभियंते, वास्तुविशारद, शिक्षक, कलावंत असे पुष्कळ जण त्यांनी या एकाच वर्गात घातले होते. त्यांच्या व्याख्येत संगणक अभियंता ठळकपणे बसतो. पैठणी विणणारी बाई बसते की नाही, यावर मात्र वाद घालावा लागतो. आपल्याकडे ही व्याख्या जशीच्या तशी लावली की पुणे चमकते आणि पैठणीचा येवला गायब होतो.

३. म्हणजे कलाकारांना आणून बसवले की गाव श्रीमंत होते, असे धरायचे का?

नाही. ॲलन स्कॉट आणि मायकेल स्टॉर्पर या भूगोल अभ्यासकांनी २००९ मध्ये उलट बाजू मांडली : माणसे छान कॅफे आणि मोकळे वातावरण पाहून शहर निवडत नाहीत, काम जिथे आहे तिथे जातात. आधी धंदा, मग माणूस. फ्लोरिडा यांनीही २०१७ पर्यंत मान्य केले होते की अशा शहरांत भाडी आणि विषमता दोन्ही वाढल्या.

आपल्याकडचा अनुभव स्कॉट-स्टॉर्पर यांच्या बाजूने आहे असे मला वाटते. गोरेगावात भाड्याच्या खोलीत चौघे मिळून राहणारा लातूरचा सहायक दिग्दर्शक मुंबईच्या समुद्रासाठी आलेला नसतो.

४. महाराष्ट्रात सगळे मुंबई-पुण्यातच का एकवटले?

एकावर एक थर चढत गेले. सर जे. जे. कलाशाळा मुंबईत सुरू झाली ती १८५७ साली. छापखाने, जाहिरात कंपन्या, रेकॉर्डिंग स्टुडिओ तिच्या आसपास वाढले आणि तिथे शिकलेल्यांना तिथेच काम मिळाले. गोरेगावची चित्रनगरी १९७७ ची. पुण्यातली फिल्म इन्स्टिट्यूट १९६० ची, आणि तिची जागा प्रभात या चित्रपट कंपनीच्या स्टुडिओची.

प्रभातची गोष्ट इथे नीट पाहण्यासारखी आहे. ही कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात उभी राहिली. त्याआधीच बाबूराव पेंटर यांनी तिथे कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंत सगळे जमवून माणसे घडवली होती आणि प्रभातचे बहुतेक संस्थापक त्यांच्याच तालमीतले. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. एका कंपनीसोबत सुतार, रंगारी, वेशभूषावाले, प्रक्रिया करणारे असे कितीतरी हात निघून जातात. तीस वर्षांच्या आत त्याच जागेवर देशाची चित्रपट शिक्षण संस्था पुण्याच्या वाट्याला आली. कोल्हापुरात पुढेही चित्रपट बनत राहिले, पण शिक्षण आणि भांडवल यांची बैठक तिथून हलली ती हललीच.

आता शाळेकडे या. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना राज्यभरातून, अगदी आश्रमशाळांतूनही मुले बसतात. त्यानंतर पदवीपर्यंतचे कलाशिक्षण देणारी सरकारी महाविद्यालये मात्र मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या तीनच शहरांत. परीक्षा गावोगाव आणि पुढची पायरी तीन ठिकाणी. बाकीच्यांना खासगी महाविद्यालय किंवा साइनबोर्ड रंगवणे.

५. अनुशेष मोजताना कला, कारागीर हे धरले होते का?

नव्हते. अनुशेष म्हणजे मागे राहिलेल्या भागाची विकासातली तूट. ती मोजायला वि. म. दांडेकर समिती १९८३ मध्ये नेमली गेली आणि तिने पुढच्या वर्षी अहवाल दिला. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांच्या आसपास आणि मराठवाड्याचा २४ टक्क्यांच्या जवळ होता. मोजले काय? सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रे. सरकारने बांधायची गोष्ट कोणत्या जिल्ह्यात किती कमी आहे, हा त्या हिशेबाचा पाया होता, आणि त्या वेळी तो योग्यच होता. विहीर नसलेल्या गावात नाट्यगृहाचा अनुशेष कोण काढणार?

पुढे १९९४ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१(२) प्रमाणे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला, त्यात मोजणीची पद्धत बदलली. चर्चा मात्र पाणी आणि निधीवाटपावरच फिरत राहिली.

माझी तक्रार वेगळी आहे. मंडप, मजुरी, तिकीट, दलाली या गोष्टी कुठल्याच अनुशेषात बसत नाहीत. विणलेली साडी किंवा बसवलेले नाटक जिल्ह्यात असते, पण त्याचा पैसा कोणत्या जिल्ह्यात थांबतो हे कोणी मोजत नाही. पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोख तिकडे आहे.

६. विदर्भात कलाकारच कमी आहेत, म्हणून तिथे हा धंदा नाही, हे बरोबर ना?

साफ चूक. राज्यात तिकीट विकून स्वतःच्या पायावर उभी असलेली सर्वांत जोरदार रंगभूमी गडचिरोली जिल्ह्यात आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीत धान घरात येते, हातात चार पैसे खेळतात आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, कुठे शंकरपट (बैलांची शर्यत) होतो आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि उजाडेपर्यंत चालते. गाणी हवीत, रडवणारा प्रवेश हवा, मधेच हसवणारा हवा. दंडार या जुन्या लोकनाट्यातून आलेली ही सवय आहे. नाटक कंपन्यांची पेठ म्हणजे वडसा, सरकारी कागदावरचे देसाईगंज. हंगामात तिथे कंपन्यांची कार्यालये लागतात आणि आजूबाजूच्या गावांतली मंडळे येऊन तारीख पक्की करतात.

पैसा कसा फिरतो ते पाहा. गावातले मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देते आणि तिकीट स्वतः विकते. नफा झाला तर तो गावात राहतो, तोटा झाला तर तोही. कंपनीच्या पैशातून लेखक, नट, वादक, नेपथ्यवाला, मेकअपवाला, ट्रकचा चालक या सगळ्यांची रात्र भागते. पोस्टर छापणारा जवळपासचाच. गावात चहा-भज्यांची दुकाने लागतात. पुण्या-मुंबईची नटमंडळी इथे काम करायला येतात, म्हणजे मजुरीचा प्रवाह एरवीच्या उलट दिशेने वाहतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

दरडोई उत्पन्नाच्या यादीत हाच गडचिरोली जिल्हा तळाशी असतो. नाटक आहे म्हणून जिल्हा श्रीमंत झाला असे कोणी म्हणू नये. चार-पाच महिन्यांचा हंगाम, विमा नाही, पाऊस लांबला किंवा धान गेले तर तिकीट कोण घेणार? पण तिकिटाचा पैसा त्याच पट्ट्यात फिरतो, हे मुंबईत विकल्या जाणाऱ्या कितीतरी ‘ग्रामीण’ कलांबद्दल म्हणता येत नाही.

७. तमाशाचेही असेच आहे का?

अर्धे असेच. मागणी गावातूनच येते. जत्रांच्या दिवसांत पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी तिथे येऊन सुपारी देतात आणि पाडव्याच्या आसपास मोठा व्यवहार होतो. फरक भांडवलात आहे. फड उभा करायला मालक कर्ज काढतो, कलावंत हंगामाआधी उचल घेतात आणि ती फेडण्यात हंगाम जातो. जत्रेतली सुपारी कमी झाली किंवा तिकीटबारी पडली की पहिला फटका उचल घेतलेल्याला बसतो. झाडीपट्टीत गावाचे मंडळ जोखीम वाटून घेते (प्रश्न ६). तंबूचा तमाशा तिकिटावर लावला की ती फडमालकाच्या एकट्याच्या डोक्यावर येते.

८. पालघर मुंबईला एवढे जवळ आहे. मग वारली चित्रांच्या जोरावर तो भाग वर का आला नाही?

कारण जवळ असणे वेगळे आणि बाजारात जागा असणे वेगळे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हा वारल्यांचा मुलूख. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातले चौकोनी चित्र, भिंतीवर लिहायचा मान सवाष्णींचा होता. वारली ‘चित्र काढणे’ म्हणत नाहीत, ‘लिहिणे’ म्हणतात. १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगभर गेले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. चित्राला नाव आणि सही मिळाली ती त्यांच्यामुळे. भिंतीवरच्या चौकाला सही कुठली असते?

त्यानंतर झाले काय, तर वारली नक्षी कपांवर, चादरींवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर आणि रेल्वे स्थानकांवर दिसू लागली. ती छापणारा कारखाना पालघरमध्ये असायची गरज नाही आणि काढणारा वारली असायचीही सक्ती नाही. नाव मिळवलेले काही चित्रकार चांगले कमावतात. बाकीच्यांची हंगामी मजुरी सुटलेली नाही. पावसाळा संपला की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे वीटभट्टीवर जातात, ती वाट चित्राने अडवली नाही.

भौगोलिक उपदर्शन (जीआय टॅग, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण) आहे, मग नक्कल थांबत कशी नाही, यासाठी प्रश्न १० पाहा.

९. पैठणी पैठणची. मग खरेदीला सगळे येवल्याला का जातात?

पैठण मराठवाड्यात, येवला नाशिक जिल्ह्यात. विणकर दोन्हीकडे आहेत. पण येवल्यात माग घराघरात आहेत. सूत, रेशीम, जर, रंगारी, माग दुरुस्त करणारा, विकणारा हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. वरून मनमाडचे जंक्शन जवळ आणि शिर्डी तीसेक किलोमीटरवर. साईबाबांचे दर्शन घेऊन परतणारी गाडी येवल्यात थांबते, हा पैठणीच्या अर्थकारणातला न लिहिलेला धडा आहे. पैठणलाही एकनाथषष्ठीला वारकरी लोटतात, पण षष्ठीला आलेला वारकरी पैठणी घेत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूची गोष्ट आणखी वाईट. कापूस आणि रेशीम मिळून विणले जाणारे ते कापड एके काळी निजामाच्या दरबाराचे. दरबार गेला, यंत्रमागावरचे स्वस्त कापड आले आणि हातमागावर हिमरू विणणारी घरे बोटांवर मोजण्याएवढी राहिली. कारागिरी टिकण्यासाठी गिऱ्हाईक बदलावे लागते. पैठणीला लग्न आणि दूरचित्रवाणी मिळाली, हिमरूला कोणी मिळाले नाही.

जाता जाता : दुकानात पैठणी घेताना पदर उलटा करून पाहा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत नक्षी उलट बाजूनेही जवळपास तशीच साफ दिसते. मागे धागे लोंबत असतील तर दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारा.

१०. जीआय टॅग मिळाला म्हणजे आता कारागिराचे उत्पन्न वाढणार ना?

आपोआप नाही. भौगोलिक उपदर्शनाचा कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ मध्ये. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नंतर नूतनीकरण करावे लागते. पैठणीला ती २०१० मध्ये मिळाली. इथे बहुतेकांची गफलत होते ती अशी : नोंदणी एखाद्या संस्थेच्या किंवा महामंडळाच्या नावावर होते. कारागिराला ते नाव कायदेशीरपणे वापरायचे असेल तर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. अर्ज केलाच नसेल तर बातमी त्याची आणि हक्क दुसऱ्याचा.

शिवाय हे संरक्षण फक्त त्या नावाचे असते. नक्षी किंवा आकार कोणी उचलला पण नाव वेगळे लावले, तर काम अवघड होते आणि परदेशात तर फारच. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा हेच दिसले. आरडाओरड झाली, कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. कोर्टापेक्षा गलबल्यानेच काम जास्त केले.

कोल्हापुरी चपलेत आणखी एक गंमत आहे, ती खास प्रादेशिक प्रश्नाची. २०१९ ची तिची नोंदणी दोन राज्यांची आहे : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कोल्हापूरच्या चप्पल लाइनमध्ये विकला जाणारा बराच माल अथणी-निपाणीकडे शिवलेला असतो. नाव एका शहराचे, हात आठ जिल्ह्यांचे. नफा कुठे थांबतो, तो प्रश्न इथेही आलाच.

११. मुंबई युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत आहे म्हणतात. त्याने निधी मिळतो का?

मुंबईला २०१९ मध्ये चित्रपटासाठी हा दर्जा मिळाला. त्यासोबत अनुदान येत नाही. जाळ्यातल्या इतर शहरांशी देवाणघेवाण करता येते, एवढेच. कोल्हापूर किंवा सांगलीने असा अर्ज करावा का, असेही विचारले जाते. करावा. पण महानगरपालिकेचा वेळ त्यात किती जाणार याचा अंदाज आधी घ्यावा.

१२. मी हातमागावर विणतो. माझा मेहुणा वारली चित्रे काढतो. आम्हाला पीएम विश्वकर्मा मिळेल का?

तुम्हाला विणकर म्हणून नाही आणि मेहुण्याला चित्रकार म्हणूनही नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या या कारागीर योजनेत १८ धंदे नावानिशी दिले आहेत : सुतार, लोहार, सोनार, कुंभार, मूर्तिकार, चर्मकार, गवंडी, शिंपी, न्हावी, परीट, फुलांचे हार करणारे, टोपल्या-चटया करणारे, खेळणी करणारे, मासेमारीची जाळी विणणारे वगैरे. कापड विणणारा त्यात नाही आणि चित्रकारही नाही. जाळे विणणारा बसतो आणि पैठणी विणणारा बसत नाही, हे ऐकून येवल्यात लोक हसतात.

यादीत बसणाऱ्याला प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज मिळते. तुमच्यासाठी हातमाग खात्याच्या योजना वेगळ्या आहेत, त्यासाठी विणकर ओळखपत्र काढा. मेहुण्याने हस्तशिल्प विकास आयुक्तांकडचे ‘पहचान’ कार्ड काढावे. सावंतवाडीचा लाकडी खेळणी करणारा मात्र विश्वकर्मामध्ये खुशाल अर्ज करू शकतो.

१३. वडील दंडार आणि नाटकांत आयुष्यभर काम करत होते. त्यांना पेन्शन आहे का?

राज्याची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. वयाची अट साधारण ५० वर्षांची. मानधन दरमहा ५,००० रुपये. निवड जिल्हास्तरीय समिती करते. पुरावे मागतात : जुनी पोस्टरे, हँडबिले, मंडळांची पत्रे. ट्रंकेत असतील तर फेकू नका.

प्रादेशिक अंगाने एक बोचणारी गोष्ट : दर वर्षी निवडायच्या कलावंतांची संख्या जिल्ह्यामागे ठरवलेली आहे, वर्षाला १००. कलावंतांनी भरलेल्या जिल्ह्यालाही तेवढेच आणि नसलेल्यालाही तेवढेच. समान वाटप झाले, पण ज्या जिल्ह्यात प्रत्येक दुसऱ्या गावात दंडार मंडळ आहे तिथे रांग वर्षानुवर्षे हलत नाही.

१४. हंगामात मी नट, पावसाळ्यात शेतकरी. सरकारी पाहणीत मला कशात धरतात?

बहुधा शेतकऱ्यांत. श्रमबळ पाहणीत वर्षभरातला जास्त वेळ ज्या कामात गेला ते मुख्य काम मानले जाते. त्याशिवाय किमान ३० दिवस केलेले काम दुय्यम म्हणून नोंदवता येते. पण पाहणीवाला घरी येतो तेव्हा अंगणात धान वाळत असते. ‘काय करता?’ म्हटल्यावर झाडीपट्टीतला माणूस ‘शेती’ म्हणतो आणि प्रश्न तिथेच संपतो. दुय्यम काम विचारले तर सांगा. लाजू नका.

यामुळे कलाकारांचे आकडे शहरात फुगतात आणि गावात आटतात. शहरात तेच काम बारमाही आणि पगारी असते, म्हणून पहिल्याच खान्यात पडते. दोन जिल्ह्यांची तुलना करताना हे लक्षात ठेवले नाही तर प्रश्न ६ मधला गैरसमज आकड्यांनिशी पक्का होतो.

१५. आता इंटरनेटवर गावातून काम करता येते. मग हा फरक आपोआप मिटणार नाही का?

काही कामांचा मिटेल. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, पुस्तकांची मुखपृष्ठे करणारा, आवाज देणारा आज परभणीत बसून पुण्याचे काम घेतो. घरभाडे वाचते, हातात जास्त उरते. पण काम मिळते ते ओळखीवर, आणि ओळख होते ती चहाच्या टपरीवर किंवा सेटवर. त्यामुळे आधी चार-पाच वर्षे शहरात काढून मग परत गेलेल्याचे जमते. थेट गावातून सुरुवात करणाऱ्याला दर पाडून काम घ्यावे लागते.

मालेगावचे उदाहरण उलट दिशेचे आहे. यंत्रमाग शुक्रवारी बंद, म्हणून शुक्रवार सिनेमाचा. २००० च्या सुमारास तिथल्या हौशी पोरांनी गाजलेल्या हिंदी चित्रपटांच्या विनोदी नकला घरगुती कॅमेऱ्यावर काढल्या, मागकामगारांनाच नट केले आणि त्या गावातल्याच व्हिडिओ पार्लरमध्ये तिकिटावर चालवल्या. प्रेक्षक गावातला, पैसा गावातला. मोबाइल आणि फुकटचे व्हिडिओ आल्यावर तिकीट घेणारा गेला. म्हणजे ज्या इंटरनेटने परभणीच्या एडिटरला काम दिले, त्यानेच मालेगावच्या निर्मात्याचा गल्ला बंद केला.

१६. आमच्या जिल्ह्यात चित्रनगरी झाली तर रोजगार येईल का?

येईल, पण कोणाला ते विचारा. चित्रीकरण आले की हॉटेले, गाड्या, जेवण, गर्दीतले कलाकार, सुतारकाम यांना काम मिळते. वाईला आणि मेणवलीच्या घाटावर वर्षानुवर्षे ते दिसते. कोल्हापूरला मोरेवाडीजवळ चित्रनगरी आहे आणि दूरचित्रवाणी मालिकांनी तिला काम दिले. कॅमेरा, संकलन, ध्वनी, लेखन ही जास्त मजुरीची कामे मात्र चमूसोबत येतात आणि चमूसोबत जातात. जवळपास शिकवणारी संस्था आणि भाड्याने मिळणारी यंत्रसामग्री असेल, तर दहा-पंधरा वर्षांत ती कामेही मुरतात. एकेकाळी बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात ती मुरलीच होती (प्रश्न ४). नुसते शेड आणि कमान बांधून होत नाही.

१७. गोवा तर श्रीमंत आहे आणि कलाकारही भरपूर. तिथे सगळे ठीक असेल ना?

दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वर असतो. पण तिथे दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी चालतात. एकीकडे तियात्र हा कोंकणी नाट्यप्रकार, कोंकणी प्रेक्षकाने तिकीट काढून जगवलेला. दुसरीकडे बाहेरून येऊन उत्तर गोव्यात, बार्देशातल्या गावांत जुनी घरे घेणारे डिझायनर, लेखक, छायाचित्रकार. दुसऱ्या गटामुळे गावाचे नाव मासिकांत येते आणि घरभाडे स्थानिक तरुणाच्या हाताबाहेर जाते. प्रश्न ३ मधली भाड्याची तक्रार ती हीच. पणजीत २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होतो. त्यातून गोव्यात चित्रपट बघणारे वाढले तेवढे बनवणारे वाढले का, यावर तिथले लोक अजून भांडतात.

१८. कलाकार जिल्हा सोडून गेला म्हणजे जिल्ह्याचे नुकसानच, बरोबर?

बहुतेक वेळा बरोबर, पण अपवाद मोठे आहेत. आत्ता ज्या तियात्राची गोष्ट सांगितली त्याचा पहिला प्रयोग गोव्यात झालाच नाही. १८९२ मध्ये तो मुंबईत झाला, पोटापाण्यासाठी आलेल्या गोंयकारांनी केला, आणि मग तो घरी गेला. सिंधुदुर्गातला दशावतार जत्रांवर जगतो, पण मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा नाटक ठरवणारे तेच असतात, आणि मुंबईत दशावताराचे प्रयोग लावणारेही तेच. पेणच्या मूर्ती परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांकडे बोटीने जातात आणि त्यासाठी कारखान्यांत उन्हाळ्याआधीच लगबग असते.

फरक कुठे पडतो, तर गेलेला माणूस गावाचा प्रेक्षक किंवा गिऱ्हाईक म्हणून उरतो की नाही यात. चाकरमानी दशावताराची सुपारी देतो. प्रभातसोबत पुण्याला गेलेल्या सुतार-रंगाऱ्यांना कोल्हापुरातून काही विकत घ्यायचे कारण उरले नव्हते.

१९. मोखाड्यातला मुलगा जे. जे.मध्ये शिकून मुंबईतच वारली चित्रे काढू लागला. त्याचे काम पालघरचे धरायचे की मुंबईचे?

राज्याच्या उत्पन्नाच्या हिशेबात मुंबईचे, कारण काम जिथे होते तिथे ते नोंदवले जाते. भौगोलिक उपदर्शनाच्या दृष्टीने अडचण येऊ शकते, कारण तिथे ठरलेल्या प्रदेशात केलेले काम मोजतात, करणाऱ्याचा जन्म नाही. जमातीच्या दृष्टीने ते वारलीच. तीन कचेऱ्यांकडून तीन उत्तरे येतील. त्या मुलाला विचाराल तर तो सांगेल की कागद मुंबईचा आहे, आणि तांदळाचे पीठ आई गावाहून पाठवते.